चेहरा आढळला नाही

प्रशील रोज सकाळी कारखान्यात हजर असायचा आणि संध्याकाळी नसायचा. मधल्या वेळात तो काम करायचा, आणि नेमकी तीच अडचण होती.

कारखाना धुळ्याच्या एमआयडीसीत होता. नाव ‘प्रेमराज वूड वर्क्स’. तिथे पलंग, दिवाण, कपाटं, दारं आणि सरकारी कार्यालयांना लागणाऱ्या खुर्च्या तयार होत. मालक प्रेमराजशेठ यांनी ‘काष्ठ कौशल्य उत्कर्ष अभियाना’खाली बारा शिकाऊ उमेदवार घेतले होते. अभियानाचा नियम साधा होता. उमेदवाराला विद्यावेतन मिळेल. त्यातलं निम्मं अभियान देईल, निम्मं मालक. वर्षाची हजेरी भरली की प्रमाणपत्र मिळेल, आणि प्रमाणपत्र मिळालं की ‘उज्ज्वल भवितव्य’ प्राप्त होईल, असं पत्रकात छापलं होतं. भवितव्यातलं निम्मं कोण देणार, याचा खुलासा पत्रकात नव्हता.

तो खुलासा प्रेमराजशेठांनी तोंडी केला होता. “सर्टिफिकेट आण, कायम करतो,” ते म्हणाले होते.

‘कायम’ हा शब्द प्रशीलला आणखी एका ठिकाणी ऐकू आला होता. आयटीआय संपल्यावर आईने, म्हणजे सविताबाईंनी, त्याच्यासाठी अमळनेरचं एक स्थळ पाहिलं. मुलगी साक्षी, धुळ्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. वडील धम्मपाल सर, शाळेत शिक्षक. इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून प्रशील त्यांच्यासमोर बसला होता. सरांनी त्याला नीट न्याहाळलं, तीन प्रश्न विचारले आणि निकाल दिला, “मुलगा चांगला आहे. कायम झाला की तारीख धरू.” साक्षी नंतर फोनवर म्हणाली, “लवकर हो बाबा कायम. घरात कुठलाही विषय निघाला की त्याच शब्दावर येऊन थांबतो.”

एवढं सगळं एका वर्षाच्या हजेरीवर टांगलेलं होतं. आणि हजेरी गेटवरच्या यंत्रावर.

यंत्र अभियानाकडूनच आलं होतं. सकाळी आत येताना चेहरा दाखवायचा, संध्याकाळी जाताना पुन्हा दाखवायचा. दोन्ही वेळा ओळख पटली तर अभियानाच्या पोर्टलवर एक दिवस भरला. शास्त्रीयदृष्ट्या यंत्रात काहीही खोट नव्हती. दोन डोळ्यांमधलं अंतर, नाकाची लांबी, जबड्याची रेघ मोजून ते तीन सेकंदांत माणूस ओळखायचं. फक्त लाकूडकाम केल्यावर माणसावर भुसा बसतो, ही माहिती त्याला कोणी दिलेली नव्हती. ते बनवणाऱ्यांनाही ती कोणी दिली नसावी.

भुशाचंही स्वतःचं शास्त्र असतं. रंध्याची ढलपी जड. ती पायाशी पडते. करवतीचा भुसा कमरेपर्यंत उडतो. लाकूड घासणाऱ्या सँडर मशीनचा मात्र पिठासारखा बारीक. तो हवेत तरंगतो आणि जिथे घाम दिसेल तिथे बसतो. धुळ्याच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या शेडखाली, घाम शोधायला भुशाला कष्ट पडत नाहीत. प्रशील दिवसभर सँडरवर असायचा. संध्याकाळपर्यंत त्याच्या चेहऱ्यावर नाक आहे हे अंदाजानेच कळायचं.

पहिल्या संध्याकाळी तो यंत्रासमोर उभा राहिला. यंत्रातली बाई अतिशय सौजन्याने म्हणाली, “चेहरा आढळला नाही. कृपया चेहरा घेऊन या.”

त्याने तोंडावरून हात फिरवला. हातालाही भुसाच होता.

“चेहरा आढळला नाही. कृपया चेहरा घेऊन या.”

मागे अभिमन उभा होता. तोही शिकाऊच, पण जेवणाच्या सुटीनंतर प्लायच्या थप्पीमागे झोपलेला असल्यामुळे त्याचा भांगही मोडला नव्हता. तो पुढे झाला. “धन्यवाद, अभिमन. आपला दिवस भरला,” बाई म्हणाली.

जुने मिस्त्री झुलाल नाना बिडी कानाला लावून हे बघत होते. मिस्त्री मंडळींची हजेरी अजून वहीतच होती, त्यामुळे त्यांना यंत्राची भीती नव्हती. “काय व्हयनं रे पोऱ्या?”

“नाना, मशीन ओळखत नाही.”

“त्यान्हात काय शे? मी वळखस ना तुले.” नाना यंत्राशी वाकून मोठ्याने म्हणाले, “हाऊ प्रशील शे. सकायपासून आठेच शे.”

“चेहरा आढळला नाही,” यंत्र म्हणालं.

नाना जरा बिचकले. “मना बी नही का?”

आता कोणीही म्हणेल, तोंड धुवावं. प्रशीललाही हे सुचलं होतं. पण नळ गेटच्या बाहेर होता, आणि यंत्राने चेहरा ओळखण्याआधी गेटबाहेर पाऊल टाकलं की तो दिवस गैरहजेरीत जमा होत असे. आत फक्त पिण्याच्या पाण्याची टाकी होती. तिच्यावर लिहिलं होतं, ‘हे पाणी फक्त पिण्यासाठी. अन्य वापर केल्यास कारवाई करण्यात येईल.’ दुसऱ्या दिवशी त्याने घरून बाटली आणली. बाटलीभर पाणी, घाम, भुसा आणि हातावरचा गोंद यांचं मिश्रण होऊन चेहऱ्यावर उत्तम लांबी चढली, जशी रंगाच्या आधी भिंतीला भरतात. यंत्र म्हणालं, “कृपया समोरची वस्तू बाजूला करा.” तिसऱ्या दिवशी त्याने कामाच्या वेळी तोंडाला रुमाल बांधला. तासाभरात सूचनाफलकावर कागद लागला. शेडमधल्या कॅमेऱ्याला ओळख पटत नसल्याने तोंड झाकून काम करणं हा ओळख लपवण्याचा प्रयत्न समजला जाईल. अभियानाचे मास्क मंजूर झालेले होते; ते यायचे होते.

महिना संपला. अभिमनची हजेरी संपूर्ण भरली होती. त्याचा फोटो ‘महिन्याचा उत्कृष्ट प्रशिक्षणार्थी’ म्हणून गेटवर लागला. फोटो इतका स्वच्छ होता की यंत्राने त्याचीही एकदा हजेरी घेतली. प्रशीलला, सतत गैरहजर राहत असल्याबद्दल लेखी खुलासा मागण्यात आला.

तो शेठजींकडे गेला. प्रेमराजशेठ मनाने वाईट नव्हते. “तू दिवसभर राबतोस हे मला दिसतं रे,” ते म्हणाले. “सावद्याच्या त्या पार्टीचे सगळे दिवाण तूच घासलेस. पण मला दिसून काय उपयोग? मी काय पोर्टल आहे?”

“मग मी काय करू, शेठ?”

“जरा कमी काम कर. पण माल वेळेवर गेला पाहिजे.”

हजेरीचं काम मेघा बघायची. ती बीएस्सी फिजिक्स होती आणि तिच्या पदाचं नाव ‘उपस्थिती समन्वयक’ होतं. उपस्थिती यंत्र घेत असे. मेघा फक्त समन्वय करत असे. पण शिकलेलं अंगात होतं, त्यामुळे तिने प्रश्न प्रयोगाने सोडवायचं ठरवलं. एका दुपारी तिने प्रशीलला यंत्रासमोर उभं केलं आणि एका वेळी चेहऱ्याच्या एकाच भागाला भुसा लावून बघितला.

“कपाळ झाकलं तरी ओळखतं. नाकही चालतं,” तिने वहीत टिपलं. “गाल आणि हनुवटी झाकली की तू संपतोस.”

“ताई, मी गाल सोडून घाम आणू का?”

“थांब, मी जळगावला लिहिते.”

अभियानाचं विभागीय कार्यालय जळगावला होतं. मेघाने प्रयोगाचे निष्कर्ष, तक्त्यासह, पाठवले. उत्तर आलं ते पत्राने नव्हे; मोतीलाल साहेब स्वतः आले. समन्वय अधिकारी होते ते. त्यांना एवढा व्यवस्थित तक्ता याआधी कुठल्याच कारखान्यातून आलेला नव्हता, आणि अशा तक्त्यामागे काहीतरी भानगड असणार अशी त्यांची खात्री होती. त्यांनी प्रशीलला संध्याकाळी, कामावरून सुटता सुटता गाठलं, त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि मुद्द्याला हात घातला.

“तुझी नोंदणी कोणत्या चेहऱ्याने झालीय?”

“माझ्याच, साहेब.”

“तसं नाही. काम करतानाच्या की न करतानाच्या?”

“भरतीच्या दिवशी केली. तेव्हा काम सुरू नव्हतं.”

“हेच,” साहेब मेघाकडे वळून म्हणाले. “अभियान विद्यावेतन कशाचं देतं? कामाचं. आणि नोंदणी रिकाम्या चेहऱ्याची. ही मूळ त्रुटी आहे. जुनी नोंद रद्द करा आणि कामाचा चेहरा घ्या.”

“दोन्ही ठेवता येणार नाहीत का, सर?” मेघाने विचारलं.

“एका माणसाला दोन चेहरे?” साहेबांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तिने पुढचा प्रश्न गिळला.

त्या संध्याकाळी भुशासकट नोंदणी झाली. यंत्र म्हणालं, “धन्यवाद, प्रशील. आपला दिवस भरला.” झुलाल नानांनी बिडी पेटवली. प्रशीलला फागण्याला घरी जाताना एसटीत खिडकीची जागा मिळाली. तो या गोष्टीतला सगळ्यात सुखाचा दिवस होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंघोळ करून आला, आणि यंत्राने त्याला ओळखलं नाही.

इथून पुढे त्याला घरूनच भुसा लावून निघावं लागलं. आई भाकरीच्या डब्याला भुशाची पुडी बांधून द्यायची. “लोकांची पोरं पावडर लावून कामाला जातात,” सविताबाई शेजारणीला सांगायच्या. “आमचं भुसा लावून जातं. पण जातं.” एसटीत शेजारी कोणी बसेना. कंडक्टर रोज विचारायचा, “काय मालक, कधी टाकली गिरणी? आमचं बी दळण घ्या की.” एकदा साक्षी बसस्टँडवर समोरून आली आणि तशीच पुढे गेली. चार पावलांवर थांबून वळली. “तू होतास?” म्हणाली. “चालण्यावरून वाटलं.” यंत्राला चालणं मोजता येत नव्हतं.

पण हजेरी भरू लागली, आणि हे बघून बाकीच्यांनीही अर्ज केले. काम करणाऱ्यांची अडचण तीच होती. मोतीलाल साहेबांनी मग परिपत्रकच काढलं. सर्व शिकाऊ उमेदवारांची नोंदणी ‘कार्यरत स्थितीत’ करावी. अभिमनलाही भुसा लावावा लागला. त्याने तो मन लावून लावला, भुवयांपर्यंत. आणि मग दिवसभर थप्पीमागे झोपून राहिला तरी सगळ्या शेडमध्ये तोच जास्त राबलेला दिसू लागला.

गेटवर आता भुशाची पेटी आली. प्रत्येकाने आत येताना त्यातला भुसा लावावा, म्हणजे घरून आणण्याचा त्रास नको. पेटीतला भुसा संपला तेव्हा प्रशीलने प्लायचा भरून ठेवला. त्या दिवशी सगळे गैरहजर पडले. नोंदणीच्या वेळी सागाचा भुसा होता. त्याचा रंग वेगळा. मेघाने ते शोधून काढलं आणि तसं कळवलं, ही तिची चूक झाली. लगेच आदेश निघाला, हजेरीसाठी फक्त सागवानी भुसा वापरावा. साग रोज लागत नसे. दिवाण प्लायचे, खुर्च्या बाभळीच्या, कपाटं कशाची ते शेठजींनाच ठाऊक. त्यामुळे रोज सकाळी सागाची एक फळी फक्त भुशासाठी सँडरवर धरण्यात येऊ लागली. ते काम प्रशीलकडे आलं. फळी पार संपेपर्यंत तो घासायचा, चाळणीने चाळायचा आणि पेटी भरायचा.

झुलाल नानांनी ते एकदा नीट उभं राहून पाहिलं. “बठ्ठा जलम लाकूडना पलंग बनाडा मी,” ते म्हणाले. “आते पहिलांदा देखी ऱ्हायनू, लाकूडनी हजेरी बनाडतंस.”

सागाचा खर्च विद्यावेतनातून कापण्यात येऊ लागला, ‘उपस्थिती साहित्य’ या सदराखाली.

काही दिवसांनी मेघा प्रशीलला बाजूला घेऊन म्हणाली, “तू काल किती वेळा आत आलास?”

“एकदाच, ताई.”

“यंत्र म्हणतं, बारा वेळा.”

सागवानी, एकसारखा चाळलेला, बारा तोंडांवर एकाच पेटीतून लावलेला भुसा. यंत्राला त्यात बारा माणसं दिसेनात. त्याला एकच दिसत होता, आणि या चेहऱ्याने सर्वांत आधी नोंदणी झाली होती ती प्रशीलची. सकाळी रांगेतला प्रत्येक जण येई आणि बाई म्हणे, “सुप्रभात, प्रशील.” मुलांना वाटायचं, बिघडलंय काहीतरी, त्यांनी लक्ष दिलं नाही. बाकी अकरा जण सागाचा आदेश निघाल्यापासून सलग गैरहजर होते. त्यांतली अभिमनची नोंद तेवढी बरोबर होती. यंत्र आल्यापासूनची ती पहिली.

आणखी एक बाब मेघाच्या लक्षात आली. आत येणं आणि बाहेर जाणं अशी एक जोडी जमली की यंत्र एक दिवस मोजायचं. एकाच माणसाच्या एका तारखेला बारा जोड्या जमतील, अशी शक्यता कोणी गृहीत धरलेली नव्हती. त्यामुळे प्रशीलचे दर दिवशी बारा दिवस भरत होते. महिनाभरात त्याचं वर्ष पुरं झालं. विद्यावेतन मात्र दरमहा एकाच माणसाचं देण्याची कमाल मर्यादा होती. तेवढं त्याच्या खात्यावर आलं. उरलेल्या अकरा जणांच्या खात्यावर काहीच आलं नाही.

चहाच्या टपरीवर मुलं त्याच्याकडे बघेनात. शेवटी कुंदन बोलला. साक्रीकडचा पोरगा, प्रशीलच्या शेजारच्या टेबलावर असायचा.

“आमचे दिवस तू खाल्लेस, भाऊ.”

“मी काय केलं? मशीन...”

“मशीनचं तोंड नाही धरता येत. तुझं येतं.” मग त्याने जरा थांबून म्हटलं, “म्हणजे धुतल्यावर.”

प्रशीलने आलेलं विद्यावेतन काढून बारा जणांत वाटलं. प्रत्येकाच्या वाट्याला एसटीचं भाडं आलं. त्यानंतर निदान चहा एकत्र होऊ लागला. पण त्याला झोप येईना. प्रमाणपत्र निघायच्या बेतात होतं. ते हातात पडलं की शेठजींकडे जायचं, मग अमळनेरला. तोंड बंद ठेवलं असतं तर सगळं जमून आलं असतं. मोतीलाल साहेब पाहणीला आले त्या दिवशी त्याने तोंड उघडलं.

“साहेब, हे दिवस माझे एकट्याचे नाहीत. हे सगळे रोज येतात.”

“कोण सगळे?”

“हे काय, समोर उभे आहेत.”

साहेबांनी ओळीत उभ्या असलेल्या भुसकट आकृतींकडे पाहिलं. “दिसतायत. पण सिद्ध झालं पाहिजे.”

साहेबांच्या खास परवानगीने गेट उघडण्यात आलं, आणि अकरा जण नळावर तोंड धुऊन आले. कारखान्याच्या इतिहासात प्रथमच सगळे एकमेकांना नीट दिसत होते. कुंदन यंत्रासमोर उभा राहिला. “या चेहऱ्याची नोंदणी नाही,” यंत्र म्हणालं. अर्थात नव्हती, रिकाम्या चेहऱ्याच्या नोंदी परिपत्रकानुसार रद्द झाल्या होत्या. मग त्याने पेटीतला भुसा लावला. “सुप्रभात, प्रशील,” यंत्र म्हणालं. एकापाठोपाठ अकरा वेळा तेच झालं.

साहेबांनी वही मिटली. “हे बघा, मी सगळ्यांना संधी दिली. धुतलेले आहेत ते अभियानात नाहीत. न धुतलेले सगळे प्रशील आहेत. यापेक्षा निःपक्षपाती चौकशी कशी करणार?”

“पण सर, हे अशक्य आहे,” मेघा म्हणाली. “एक माणूस एका दिवसात बारा दिवस...”

“मेघा मॅडम, तुम्ही फिजिक्सच्या ना? मग निरीक्षणावर विश्वास ठेवा.”

प्रमाणपत्र पुढच्या आठवड्यात आलं. छापील, सोनेरी किनारीचं, वर फोटो. फोटो यंत्राने आपल्या संग्रहातून स्वतःच तयार केला होता. बारा भुसकट चेहऱ्यांचा मिळून एक. डोळे कुंदनचे असावेत, हनुवटी अभिमनची. सविताबाईंनी तो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. “हा कोण?”

मेघाला विचारल्यावर ती म्हणाली, “सरासरी.”

तरी कागद खरा होता. प्रशीलने तोंड धुतलं, इस्त्रीचा शर्ट घातला आणि तो शेठजींकडे गेला. प्रेमराजशेठांनी उठून त्याला पेढा दिला.

“कायम करायचं म्हणाला होतात, शेठ.”

“माझा शब्द आहे. पण एक हिशेब समजून घे. तू शिकाऊ होतास तोवर निम्मं अभियान देत होतं. आता तू कारागीर. पूर्ण पगार माझ्या खिशातून. बरोबर?”

“बरोबर.”

“मग तसं काम पण पाहिजे ना. रेकॉर्ड काय सांगतं? गेल्या महिन्यात बारा जणांचं काम तू एकट्याने केलं. मोतीलाल साहेबांनी सही केलीय. तेवढं रोज कर. एका माणसाचा पगार देतो, आजपासून कायम.”

“शेठ, ते मी एकट्याने नव्हतं केलं. तुम्ही बघत होतात.”

“मी बघत होतो रे,” शेठजी खेदाने म्हणाले. “पण मी काय पोर्टल आहे?”

प्रशील निघाला. जाताना त्याने, पुन्हा शिकाऊ म्हणून घेता का, असंही विचारून पाहिलं. यंत्राने नकार दिला. या चेहऱ्याचं प्रशिक्षण पूर्ण झालेलं होतं. त्याच कारणाने उरलेल्या अकरा जणांनाही त्याच दिवशी थांबावं लागलं. भुशातला कुठलाही चेहरा हा आता प्रशिक्षण पूर्ण झालेला चेहरा होता. अपवाद अभिमनचा. जुन्या ‘उत्कृष्ट प्रशिक्षणार्थी’च्या फोटोवरून त्याची स्वच्छ नोंद पुन्हा करून घेता आली. त्याला सुपरवायझर करण्यात आलं, कायम.

प्रमाणपत्राची नक्कल अमळनेरला पोचली होती. धम्मपाल सरांचा फोन आला. “कागद पाहिला. फोटोतला मुलगा कोण आहे?”

“मीच आहे, सर.”

“बरं. आणि कायमचं काय झालं?”

“चाललंय, सर.”

“चालू दे,” सर म्हणाले. तारखेबद्दल बोलले नाहीत.

प्रशील एका ठेकेदाराकडे रोजावर जाऊ लागला. देवपुरात नवी घरं उठत होती. कुठे चौकट, कुठे दार, कुठे ओट्याखालची कपाटं. पावसाळ्यानंतर ठेकेदाराने त्याला एका बंगल्यावर पाठवलं. मालक रविवारी बाहेरगावाहून काम बघायला येतात, एवढंच सांगितलं. रविवार आला. फाटकातून धम्मपाल सर आत आले.

प्रशील तोंडभर भुशात दार घासत होता. तो उभा राहिला. आता सांगावं लागणार, कायम नाही, रोजावर आहे. “जयभीम, सर,” तो म्हणाला.

“जयभीम, जयभीम. मिस्त्री, ती चौकट गुण्यात, काटकोनात आहे ना बघा. मागचा जो होता त्याने वाट लावली होती.”

प्रशीलने चौकट बघितली. बोलायचं ते राहून गेलं. पुढच्या रविवारी त्याने सांगायचं ठरवलं, पण सर स्वतःच स्टुलावर बसून त्याला सांगत होते, “मुख्य दार आहे, मिस्त्री. सावकाश करा. माझी आयुष्याची पुंजी आहे यात.” चहा आला तर अर्धा त्याला दिला. फोनवर कोणाशी तरी बोलताना मात्र आवाज उतरला. “त्या फागण्याच्या मुलाचं काही खरं दिसत नाही. फोटो एकाचा, आवाज एकाचा. अजून कायम नाही.” मग फोन ठेवून दाराच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाले, “मिस्त्री, तुमच्यासारखा माणूस खरं तर कुठेही कायम असायला पाहिजे.”

“हो सर,” प्रशील म्हणाला.

डिसेंबरात गृहप्रवेश झाला. भंतेजींनी वंदना घेतली, खीर वाटली. साक्षीने त्याला बोलावलं होतं, वडिलांना विचारूनच. “ये. समोर बस. जे आहे ते सांग,” ती म्हणाली होती. प्रशील शर्टाला इस्त्री करून, भांग पाडून आला. धम्मपाल सरांनी त्याला लगेच ओळखलं. म्हणजे एकदा पाहिलेल्या स्वच्छ मुलाला ओळखतात तसं.

“या, या. काय, कायम?”

“नाही, सर. मी रोजावर जातो. मला ते सांगायचं...”

“मग काम शिकला का काही तिथे?” सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला मुख्य दाराशी घेऊन गेले. “हे बघ. हात लाव. एक केस जाईल एवढी फट नाही. याला म्हणतात काम. कोण कुठला मिस्त्री होता, नावसुद्धा विचारायचं राहिलं. पण माणूस कसबी. तसं शिकावं.”

साक्षी खीर घेऊन बाजूला उभी होती. तिने प्रशीलकडे पाहिलं. प्रशील दाराकडे बघत होता. बिजागरीच्या वरच्या खोबणीत थोडा भुसा साचून राहिला होता, सागाचाच. त्याने तो बोटाने काढला, तळहातावर घेतला आणि दोन्ही गालांना आणि हनुवटीला शांतपणे लावला. मेघाच्या प्रयोगाप्रमाणे तेवढं पुरेसं होतं.

सर बघतच राहिले. मग त्यांचा चेहरा आनंदाने उजळला.

“अरे, मिस्त्री. तुम्ही कधी आलात? या, या, खीर घ्या. साक्षी, मिस्त्रींना खीर दे.” मग त्यांनी दाराच्या आत-बाहेर शोधलं. “आणि तो पोरगा कुठे गेला? आत्ता इथे होता. बोलता बोलता निघून जातात. म्हणूनच कायम होत नाहीत.”

साक्षीला हसू आवरेना. मग ते आवरलं, आणि ती वडिलांकडे बघत राहिली, बसस्टँडवर चार पावलं पुढे गेलेल्या स्वतःकडे बघावं तशी.

तारीख पुढे कधी धरली, धरली की नाही, हे इथे सांगत नाही. तोवर वाचकांनी एक करून बघावं. ज्या दाराची कडी लावून तुम्ही हे वाचायला बसलात, ते दार तुमच्यासमोरच कोणीतरी चार दिवस खपून बसवलं होतं. तुम्ही त्याला चहाही दिला असेल. नाव नको, फक्त त्याचा चेहरा आठवा. यंत्राला तीन सेकंद लागतात. तुम्ही सावकाश आठवा.